सोशल मीडिया, खासगीपणा आणि आपली ओळख : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हे प्रश्न लग्नघरात, कॉलेजच्या कट्ट्यावर, सेतू केंद्राच्या रांगेत निघतात. उत्तरं देताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती आधीच सांगून टाकतो. आपली माहिती बाहेर जाते त्यातली बरीचशी कोणी हॅकर चोरून नेत नाही. काका, मावशी, समाजाचा ग्रुप, नवऱ्याचा मित्र अशा आपल्याच माणसांच्या हातून ती जाते, आणि बहुतेक वेळा कौतुकापोटी. म्हणून खाली सेटिंगबद्दल कमी आणि भावकीबद्दल जास्त लिहिलं आहे.

आमच्यात लपवण्यासारखं आहेच काय? गावात तसंही सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं.

असतं खरं. एसटीतून नवा चेहरा उतरला की पारावरून हाक येते, "कोना पोऱ्या शे भो?" आणि चहा येईपर्यंत तीन पिढ्यांची उजळणी झालेली असते. पण तो विचारणारा तुमच्यासमोर बसलेला असतो. त्याचं घर, त्याची भानगड, त्याच्या पोराचा निकाल तुम्हालाही ठाऊक असतो. इंस्टाग्रामवर तुमचे फोटो उघडून बघणारा तुम्हाला दिसतच नाही.

दुसरं असं, की गावाला माहीत असलेलं तुकड्यातुकड्यात असतं. सोनं किती मोडलं ते सराफाला माहीत, कर्ज किती थकलं ते सोसायटीच्या सचिवाला, दुखणं कोणतं ते डॉक्टरला, आणि मुलगी कोणाशी बोलते ते तिच्या मैत्रिणीला. हे चौघे एका खोलीत बसून वह्या जुळवत नाहीत. फोनमध्ये या सगळ्या वह्या एकाच ठिकाणी येतात. कोणाला किती सांगायचं हे ठरवण्याचा हक्क त्यात हातचा जातो, आणि लपवण्यासारखं काहीही नसलेल्या माणसालाही तो हक्क लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यात स्वतःच्या माहितीवरचा ताबाही आला.

समाजाच्या ग्रुपवर मुलीचा बायोडाटा टाकावा का? सगळेच टाकतात.

इथे जरा थांबतो, कारण खानदेशात खासगीपणाचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता असं कोणी विचारलं तर मी फेसबुकचं नाव घेणार नाही, बायोडाट्याचं घेईन.

तुळशीचं लग्न लागलं की पीडीएफ फिरायला लागतात. एका पानावर काय काय असतं ते बघा : पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, उंची, रक्तगट, शिक्षण, कंपनीचं नाव, पगार, आईचं माहेर, मामाचं नाव-गाव, बागायत किती, जिरायत किती, पुण्यात फ्लॅट आहे का, राहता पत्ता, दोन-तीन मोबाईल नंबर आणि स्टुडिओत काढलेले साडीतले फोटो. पासपोर्टचा अर्जही इतकं विचारत नाही. हे पान एका ग्रुपवर पडतं, तिथून तालुक्याच्या ग्रुपवर, तिथून सुरत आणि पुण्याच्या मंडळांच्या ग्रुपवर.

यात बिघडतं कुठे? ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. बऱ्याच बँका खात्याच्या उताऱ्याला जन्मतारखेवरूनच पासवर्ड लावतात. फोनवरून "पडताळणीसाठी" विचारतात तेही हेच : जन्मतारीख, आईचं नाव, पत्ता. कोणी बँकेचा माणूस म्हणून फोन केला आणि ही सगळी माहिती त्यानेच आधी सांगितली, तर समोरचा विश्वास ठेवणारच. फोटोंचं वेगळंच. ते उचलून दुसऱ्याच नावाने लग्नाच्या साइटवर खातं उघडता येतं.

शिवाय पीडीएफला मरण नाही. मुलीचं लग्न होऊन दोन लेकरं झाली तरी तिच्या वडिलांना फोन येतो, "स्थळ पाहायचं चालू आहे ना, दादा?"

माझं सांगणं असं की बायोडाटे दोन करा. ग्रुपवर जायचा तो पहिला : नाव, जन्मवर्ष (तारीख-वेळ नाही), तालुका, शिक्षण, कामाचं क्षेत्र आणि शहर, एक साधा फोटो, आणि वडिलांचा किंवा मामांचा एकच नंबर. मुलीचा नंबर कधीच नाही. दुसरा सविस्तर, पत्रिकेसह. तो दोन्हीकडून बोलणं झाल्यावर, ज्या घराला द्यायचा त्याच घराला. फोटोवर आडवं बारीक अक्षरात "फक्त स्थळासाठी" आणि महिना-वर्ष लिहून टाका. त्याने चोर थांबत नाही, पण फोटो उचलून वापरायला अडचण होते. परिचय मेळाव्याच्या छापील सूचीसाठी फॉर्म भरतानाही हाच हिशोब ठेवा, कारण ती सूची आता स्कॅन होऊन फिरते.

ज्येष्ठ मंडळी म्हणतील, एवढी चोरी कशाला? त्यांना एकच विचारा : मुलीला विचारलं होतं का? आपला बायोडाटा बाहेर गेला आहे हे कित्येक मुलींना तेव्हाच कळतं, जेव्हा एखादा अनोळखी मुलगा इंस्टाग्रामवर रिक्वेस्ट पाठवून लिहितो, "तुमचं स्थळ आलंय आमच्याकडे."

योजनांसाठी आधार आणि पासबुकचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. चालतं का?

आधारशी आपल्या भागाचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात एका महिलेच्या हाती पडलं. तेव्हापासून आपण ते इतक्या ठिकाणी दिलं आहे की कोणाकडे प्रत आहे याची यादी कोणालाच करता येणार नाही.

लाडकी बहीण असो, पीकविमा असो, शक्यतो केंद्रावर समोर बसून अर्ज भरा. कागद फोनवर पाठवलेच असतील तर काम झाल्यावर केंद्रचालकाच्या फोनमधून आणि कॉम्प्युटरच्या डाऊनलोडमधून तिथल्या तिथे काढून टाकायला सांगा. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, चांगले केंद्रचालक स्वतःहून काढतात. लॉज, भाडेकरार अशा कामांना मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात आणि ते यूआयडीएआय या आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवरून फुकट उतरवता येतं. झेरॉक्सवर सही करताना काम आणि तारीख लिहा. बोटांच्या ठशांनी पैसे काढले जाण्याची भीती असेल तर एमआधार अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं, लागेल तेव्हा उघडायचं.

एकदा 'संचार साथी' पोर्टलवरही जाऊन या. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे दिसतं. आपलं नसलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं.

फोन आपलं बोलणं ऐकतो का? घरात ठिबकच्या नळ्यांचं बोललो आणि संध्याकाळी ठिबकचीच जाहिरात आली.

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि विचारणाऱ्याला "हो, ऐकतो" हेच उत्तर हवं असतं. पण ऐकायची गरजच पडत नाही, हे जास्त गंभीर आहे. तुमचा फोन दिवसभर रावेर-यावलच्या शिवारात फिरतो हे लोकेशनवरून कळतं. केळीची लागण मृगाच्या आगेमागे होते हे जाहिरात देणाऱ्याला ठाऊक असतं. घरातल्याच वायफायवर तुमच्या मुलाने कालच ठिबकचे भाव शोधलेले असतात. दुकानाच्या साइटवर फेसबुकचा छोटा कोड बसवलेला असतो, तो तुम्ही तिथे येऊन गेल्याचं फेसबुकला कळवतो. एवढं जुळलं की जाहिरात आपोआप दारात येते. आणि ज्या शंभर जाहिराती आपल्याशी जुळल्या नाहीत त्या आपल्या लक्षातही राहत नाहीत.

मनाची खात्री करायची असेल तर सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी कोणाकोणाला आहे ते बघा आणि नको तिथली काढा. नव्या अँड्रॉइड फोनवर माइक चालू असला की कोपऱ्यात हिरवी खूण दिसते.

या निमित्ताने एक जुनी गोष्ट. २०१८ साली केंब्रिज अ‍ॅनालिटिका या निवडणूक प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. स्वभाव-चाचणीच्या एका अ‍ॅपमधून जगभरातल्या सुमारे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची फेसबुकवरची माहिती बाहेर गेली असावी, असं फेसबुकने कबूल केलं. फेसबुकनेच दिलेला भारताचा आकडा असा होता : अ‍ॅप घेणारे ३३५ जण, आणि त्यांच्यामुळे झळ बसण्याची शक्यता असलेले सुमारे ५ लाख ६२ हजार. म्हणजे 'मान्य आहे' दाबलं तीनशे पस्तीस लोकांनी, आणि माहिती गेली त्यांच्या मित्रमंडळींची. भावकी म्हणतो ती ही.

व्हॉट्सअ‍ॅप तर एन्क्रिप्टेड आहे ना?

मजकूर आहे, २०१६ पासून. म्हणजे तो कुलूपबंद जातो, पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला वाचता येत नाही. पण कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोललं हा तपशील वेगळा, तो त्या कुलपात येत नाही. गुगल ड्राइव्हवरचा बॅकअपही तुम्ही वेगळं एन्क्रिप्शन चालू केलं तरच कुलपात जातो. आणि समोरच्याने स्क्रीनशॉट काढला तर त्यावर उपाय नाही.

कोणीही उठून मला ग्रुपमध्ये टाकतं.

सेटिंग, प्रायव्हसी, ग्रुप्स. तिथे 'माझे संपर्क' निवडा. प्रोफाइल फोटो, लास्ट सीन, अबाउट यांनाही तेच करा. ग्रुपमध्ये आलात की तुमचा नंबर सगळ्या सदस्यांना दिसतो, हे लक्षात ठेवूनच थांबा किंवा निघा. "निघालो तर वाईट दिसतं" ही अडचण खरी आहे, पण आता कोणी बाहेर पडलं की सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते.

अ‍ॅडमिन मंडळी विचारतात, ग्रुपवर कोणी काही टाकलं तर आमच्यावर केस होते का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की दुसऱ्या सदस्याच्या मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही. तरीही घाण मजकूर दिसला की काढावा. 'सर्वांसाठी हटवा'ची सोय अ‍ॅडमिनला असते ती त्यासाठीच.

नवरा म्हणतो, विश्वास असेल तर पासवर्ड सांग. काय करू?

ताई, तुमच्या फोनमध्ये फक्त तुमचं नाही. मैत्रिणीने तिच्या सासरचं रडून सांगितलेलं आहे, बहिणीच्या तपासणीचे रिपोर्ट आहेत, आईने गुपचूप पाठवलेल्या पैशांचा मेसेज आहे. ती माणसं तुमच्याशी बोलली होती, तुमच्या नवऱ्याशी नाही. घरात हे शांतपणे मांडता येत असेल तर याच शब्दांत मांडा. "माझं काही नाही हो, पण तिचं तिला विचारल्याशिवाय कसं दाखवू?" यावर बहुतेक घरांत तोड निघते.

आपल्याकडे अजून कित्येक घरांत सिम नवऱ्याच्या नावावर असतं, किंवा सगळ्या घरात मिळून एकच स्मार्टफोन असतो. अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपमधलं चॅट लॉक कामाला येतं. 'लिंक केलेली उपकरणं' हे पानही उघडून बघा. कोणी तुमचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर लावून वाचत असेल तर ते तिथे दिसतं.

मात्र जिथे पासवर्डवरून मारहाण होते, बाहेर पडणं बंद होतं, तिथे गुपचूप पासवर्ड बदलणं धोक्याचं ठरू शकतं. आधी माहेरच्या किंवा शेजारच्या भरवशाच्या माणसाला सांगा, महिला हेल्पलाइन १८१ वर बोला, मग फोनचं बघा.

लेकराचे फोटो टाकू नयेत का? आजी-आजोबा तर त्यावरच जगतात.

आजी-आजोबांना पाठवा की. त्यांचा एक वेगळा छोटा ग्रुप करा. सार्वजनिक खात्यावर मात्र शाळेचा गणवेश, ओळखपत्र, रिक्षाचा नंबर, घराची पाटी एकत्र दिसेल असे फोटो नकोत. आंघोळीचे, उघडे फोटो तर कुठेच नकोत, कितीही गोड असले तरी. आठ-दहा वर्षांचं पोर झालं की टाकण्याआधी त्यालाच विचारा. "नको" म्हणालं तर नको.

मी पुण्यात शिकतो. अहिराणी रील टाकतो. कॉलेजातले हसतात, गावाकडचे म्हणतात बदनामी करतो. माझी खरी ओळख कोणती?

गड्या, खानदेशी माणसाला एकच ओळख कधी होती? घरात अहिराणी, शाळेत गुरुजींची मराठी, सुरतेच्या मार्केटात गुजराती-हिंदी, पुण्यात पहिल्या महिन्यात जपून बोललेली 'शुद्ध' भाषा. धुळ्याहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी शिवाजीनगरला उतरणारा माणूस थोडा वेगळा असायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोन ओळखींच्या मध्ये तीन-साडेतीनशे किलोमीटर रस्ता होता, तेवढं अंतर पुरायचं.

रीलने तो रस्ताच काढून टाकला. एकच तीस सेकंदांचा तुकडा तुझी आजी, हॉस्टेलचा रूममेट, गावचा पोलीस पाटील आणि उद्या नोकरी देणारी मॅडम एकाच वेळी बघतात. चौघांना चालेल असं बोलायचं म्हटलं तर बोलण्यासारखं फार उरत नाही.

त्यात अल्गोरिदमचा, म्हणजे कोणाला काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या अ‍ॅपच्या हिशोबाचा, हात असतो. कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीवरचा रील घरचे आणि दहा मित्र बघतात. आजीची नक्कल केली, मोठ्याने शिव्या घातल्या, भरीत-भाकरीवर ताव मारला, की आकडा चढतो. अ‍ॅप तुला सांगत कधीच नाही की खानदेशी माणूस म्हणजे एवढंच, पण दर वेळी बक्षीस त्यालाच देतं. सहा महिन्यांनी कॅमेरा बंद असतानाही माणूस त्याच आवाजात बोलायला लागतो. मला काळजी वाटते ती इथे.

आणि तरी रील बंद कर असं मी सांगणार नाही. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' म्हणून नोंदवलेली भाषा (अहिराणी त्यातच मोजली जाते) सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची होती. वर्गात अहिराणी निघाली की छडी खाल्लेली पिढी अजून आपल्या घरात आहे. आज अहिराणी गाणी यूट्यूबवर लाखोंनी पाहिली जातात, लग्नाच्या डीजेवर वाजतात, आणि पोरं कमेंटसुद्धा अहिराणीत करतात. हे काम कोणत्याही ठरावाने झालं नसतं.

करायचं असेल तर असं कर. लोकांसाठीचं खातं वेगळं, घरचं वेगळं ठेव. दोन खाती म्हणजे दुतोंडीपणा नव्हे. 'क्लोज फ्रेंड्स'ची यादी वापर. आजीला रीलमध्ये घ्यायचं तर तिला आधी दाखव, किती लोक बघतील तेही सांग, आणि ती हसली नाही तर टाकू नकोस. आकडा चढलेला रील आणि तुला स्वतःला आवडलेला रील, दोन्हींची वही ठेव. काही महिन्यांनी दोन्ही याद्यांत एकही रील सामायिक नसला तर विषय बदल.

काठीच्या होळीला फोटो काढले, टाकले. त्यात काय चुकलं?

अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी बघायला लांबून लोक येतात, कॅमेरे त्याहून जास्त येतात. सार्वजनिक उत्सवाचा फोटो काढणं हा गुन्हा नव्हे. पण मोरपिसांचा टोप घातलेला माणूस तिथे नवस फेडायला आलेला असू शकतो, आणि तुमच्या पानावर तो नावगाव नसलेला 'आदिवासी' होऊन बसतो. दागिने घातलेल्या मुलीचा चेहरा जवळून काढून खाली सौंदर्यावर शेरा लिहिणारे तर दरवर्षी असतात, आणि खालच्या कमेंट वाचवत नाहीत. तीच मुलगी नंदुरबारला नर्सिंग करत असते आणि तिच्या वर्गातल्या मुलांच्या फोनवर तो फोटो पोचतो.

विचारा, नाव विचारा, फोटो त्यांनाही पाठवा. जाहिरातीसाठी चेहरा वापरायचा तर लेखी परवानगी घ्या. आता सातपुड्यातली पावरा-भिल मुलं स्वतःच्या होळीचे व्हिडिओ स्वतः करतात, स्वतःच्या भाषेत समजावतात. शेअर करायचं तर ते करा.

अनोळखी माणूस गावात फिरताना दिसला तर फोटो ग्रुपवर टाकणं योग्यच ना? सावधगिरी म्हणून?

नाही.

१ जुलै २०१८ चा रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजार. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे मेसेज काही दिवसांपासून फोनाफोनांतून फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने त्या संशयावरून पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

ओळखीचा विषय निघाला की लोक स्वतःच्या ओळखीबद्दल बोलतात. राईनपाड्यात ज्यांचा जीव गेला त्यांची ओळख दुसऱ्यांच्या फोनमध्ये आधीच लिहिली गेली होती, आणि ती खोडायला त्यांच्याकडे कोणतंही सेटिंग नव्हतं. बहुरूपी, वासुदेव, जडीबुटीवाले, ऊसतोडीला निघालेली कुटुंबं हे सगळे आपल्या गावांसाठी 'अनोळखी' असतात. खरंच शंका असेल तर ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना सांगा. फोटो काढून "सावध राहा" लिहू नका.

माझ्या नावाने, माझ्या फोटोचं खातं उघडून कोणी पैसे मागतंय.

आधी त्या खात्याचा दुवा कॉपी करून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या. मग स्वतः आणि दहा-पंधरा ओळखीच्यांकडून 'दुसऱ्याचं सोंग घेतलंय' या कारणाखाली रिपोर्ट करा. स्टेटसला लिहा की हे माझं नाही. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात करता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६-सी (ओळखचोरी) आणि ६६-डी (सोंग घेऊन फसवणूक) इथे लागतात. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि पुढच्या वेळेसाठी मित्रयादी लपवून ठेवा. पैसे कोणाकडे मागायचे ते ठग तिथूनच उचलतो. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन लावा. 'लग्नपत्रिका' नावाची एपीके फाईल आली तर उघडू नका, मग ती सख्ख्या मामाच्या नंबरवरून का आलेली असेना. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अ‍ॅप, आणि ते तुमचे ओटीपी वाचायला बसतं.

कोणी माझे खासगी फोटो पसरवायची धमकी देत आहे.

पैसे देऊ नका. दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. एकट्याने सहन करू नका, घरातल्या एका तरी माणसाला सांगा. फोटो खरा असो की एआयने बनवलेला, गुन्हेगार तुम्ही नाही.

'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सेवा आहे. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्याची फक्त एक डिजिटल खूण तयार होऊन फेसबुक-इंस्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जाते आणि जुळणारा फोटो तिथे अडवला जातो. फोटो काढला तेव्हा वय अठराच्या आत असेल तर तशीच 'टेक इट डाऊन' आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी असा मजकूर काढायला जास्तीत जास्त २४ तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ मध्ये ती दोन तासांवर आली. सायबर पोर्टलवर महिला आणि मुलांवरच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते.

नवा डेटा कायदा आलाय म्हणतात. आता तरी माहिती सुरक्षित ना?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती आहे, आणि माहिती नीट न सांभाळल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे.

पण दोन दारं उघडी आहेत, ती वाचून ठेवा. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागत नाही. आणि जी माहिती तुम्ही स्वतःच सर्वांसमोर उघड केली तिलाही तो लागत नाही. म्हणजे मावशीने पुढे ढकललेला बायोडाटा बहुधा पहिल्या दारातून बाहेर जाईल, तुमचं सार्वजनिक स्टेटस दुसऱ्या. कंपनीला कायदा विचारेल. मावशीला तुम्हालाच विचारावं लागणार.

जुन्या पोस्ट पूर्ण पुसता येतात का?

तुमच्या बाजूने हो. फेसबुक-इंस्टाग्रामचं खातं कायमचं हटवलं तर ३० दिवस विचार बदलायला मिळतात, आणि फेसबुकच्या साठ्यातून सगळं जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. 'डिअ‍ॅक्टिव्हेट' म्हणजे फक्त पडदा. दुसऱ्याने उतरवून घेतलेलं मात्र त्याच्याकडेच राहतं.

वडील वारले. त्यांचं फेसबुक, त्यांचा नंबर, काय करायचं?

नंबर लगेच बंद करू नका. बँक, पेन्शन, वारसनोंद, विमा यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, ती कामं उरकेपर्यंत रिचार्ज चालू ठेवा. मग बँकेत आणि आधारमध्ये जुळवाजुळव करून सिम परत करा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणून त्याआधी त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप खातं हटवा आणि नातेवाइकांच्या ग्रुपमधून तो नंबर काढा, नाहीतर उद्या घरची बोलणी अनोळखी माणूस वाचत बसेल. फेसबुकला मृत्यूचा दाखला देऊन खातं स्मृतिखातं करून घेता येतं किंवा बंद करून घेता येतं. जिवंतपणी 'वारस संपर्क' नेमून ठेवला असेल तर काम सोपं होतं, तेव्हा तुमचा स्वतःचा आज नेमून टाका. दशक्रियेचे, अंत्यदर्शनाचे फोटो ग्रुपवर टाकायचे की नाही हे आईला विचारून ठरवा. पुतण्याने ते आधीच टाकले असतील तर ते काढायला सांगायचा अधिकारही तिचाच.